शिकाऊ परवान्याची वाटचाल

ब्रिटनमध्ये १९०३च्या मोटार कायद्याने चालकाला परवाना सक्तीचा केला, पण तो मिळवण्यासाठी गाडी चालवता यावी अशी अट नव्हती. सतरा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही पाच शिलिंग भरले की परवाना मिळे. १९३०च्या कायद्याने त्यात शारीरिक सक्षमतेच्या निवेदनाची भर घातली. तरीही गाडी चालवायला शिकलेला आणि न शिकलेला यांत कायद्याच्या लेखी फरक नव्हता.

या ढिलाईची किंमत मोठी होती. १९३४ साली ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसे दगावली. त्या वेळी देशात वाहने होती जेमतेम चोवीस लाख. त्याच वर्षीच्या कायद्याने चाचणी आणली आणि १ जून १९३५पासून ती सक्तीची झाली. १ एप्रिल १९३४पूर्वीपासून गाडी चालवणाऱ्यांना मात्र सूट मिळाली. जुन्यांना हात न लावता नव्यांवर बंधन घालण्याची ही सोय सरकारला सोपी वाटली असावी. चाचणी केंद्रेच नसल्याने परीक्षक आणि उमेदवार बागेत किंवा रेल्वे स्टेशनवर भेटत. शिकणाऱ्याच्या गाडीवरची लाल ‘एल’ अक्षराची पांढरी पाटीही १९३५चीच. सुएझ संकटात, १९५६-५७च्या हिवाळ्यात, पेट्रोलटंचाईमुळे चाचण्या थांबल्या, तेव्हा शिकाऊंना परवानाधारकाच्या सोबतीशिवाय गाडी चालवायची मुभा दिली गेली.

भारतात मोटार वाहनांसाठी १९१४, १९३९ आणि १९८८ असे तीन कायदे झाले. तिसरा १ जुलै १९८९पासून अमलात आला. त्याखालील नियमांनी ‘एल’ची पाटी अठरा सेंटिमीटर चौरस ठरवली, ब्रिटिश पाटी सात इंचांची, म्हणजे जवळपास तेवढीच. एका बाबतीत मात्र भारतीय नियम वेगळा आहे. ब्रिटनमध्ये १९९६पासून सैद्धांतिक परीक्षा प्रत्यक्ष चाचणीपूर्वी द्यावी लागते, पण ती देण्याआधीही शिकाऊ परवान्यावर गाडी चालवता येते. भारतात रस्त्यावरील चिन्हे, वाहतुकीचे नियम, अपघातानंतरची चालकाची कर्तव्ये आणि फाटकावर माणूस नसलेले रेल्वे क्रॉसिंग ओलांडताना घ्यायची काळजी यांवरची प्राथमिक परीक्षा आधी, मगच शिकाऊ परवाना. मोटारीसाठी वय अठरा लागते. पन्नास सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीला सोळा वर्षे आणि पालकांची संमती पुरते.

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि पक्क्या परवान्याच्या चाचणीपूर्वी किमान तीस दिवस जावे लागतात. या काळात मोटारीत शेजारी परवानाधारक असावा आणि त्याला गाडी आवरता किंवा थांबवता येईल अशा जागी तो बसलेला असावा, असे नियम सांगतो. सगळ्या अटींत हीच सर्वांत मोलाची आणि पाळायला सर्वांत अवघड. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी जादा ब्रेक आणि क्लच असतो. घरच्या गाडीत शिकवणाऱ्या वडिलांच्या किंवा भावाच्या हाती फार तर हँडब्रेक. महाराष्ट्रात २०२१पासून प्राथमिक परीक्षा आधार ओळखीच्या आधारे घरूनच ऑनलाइन देता येते. पक्क्या परवान्यासाठी मात्र उमेदवाराला गाडी प्रत्यक्ष चालवूनच दाखवावी लागते.