माथेरानची वाट आणि आमच्या घरच्या सहली

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा आपल्या सेक्रेटरींचा निरोप आला तेव्हा मी म्हटलं, सोसायटीचा इतिहास अध्यक्ष लिहितीलच. मी एका डोंगराचा लिहितो. आपल्यापैकी बहुतेकांनी तो पाहिलेला आहे आणि बऱ्याच जणांचा हनिमूनही तिथेच झालेला आहे. त्यामुळे चुका काढायला पुष्कळ मंडळी मिळतील!

माझे वडील रेल्वेत होते. पगार बेताचा, पण पास मिळायचा. त्यामुळे सत्तरच्या दशकात मे महिना आला की आमची सहल ठरलेली, ती म्हणजे माथेरान. एक वळकटी, एक स्टोव्ह, दशम्या आणि लसणीची चटणी. नेरळला लोकलमधून उतरलं की पलीकडे ती छोटी गाडी उभी असायची, तेव्हा वाफेच्या इंजिनाची. खिडकीतून डोकं बाहेर काढलं की डोळ्यांत कोळशाची कसपटं जायची आणि आई पदराचं टोक फुंकून ती काढायची. चढावर गाडी इतकी हळू चालायची की माझा धाकटा भाऊ खाली उडी मारून करवंदं तोडायचा आणि पुन्हा चढायचा. १९७४ च्या मे महिन्यात मात्र रेल्वेचा देशभर संप झाला. त्या वर्षी सहल नव्हती, आणि घरात माथेरानचं नावही कुणी काढलं नाही.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२४ च्या नाताळात, माझी मुलगी म्हणाली, "बाबा, मुलांना तुमचं माथेरान दाखवूया. आणि आजीलाही घेऊन जाऊ." माझी आई आता चौऱ्याऐंशी वर्षांची. नात नऊ वर्षांची, नातू सहाचा. मी आदल्या रात्री जुनं काही वाचून, टिपणं काढून तयार होतो.

गाडीची तिकिटं मोजकीच मिळाली. म्हणून मी आणि मुलं गाडीने आणि आई, मुलगी, जावई टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत, असं ठरलं. गाडी सुटल्यावर मी माझं व्याख्यान सुरू केलं. मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाहून वन ट्री हिलच्या बाजूने वर चढले आणि रामबागेच्या वाटेने उतरले. त्यांनी माथेरानचा शोध लावला. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी तिथे थंड हवेचं ठिकाण वसवण्यास चालना दिली.

नात म्हणाली, "आजोबा, त्याच्या आधी तिथे कोणीच नव्हतं?"

"होते की. धनगर, ठाकूर, कातकरी. माथ्यावरचं रान म्हणून माथेरान, असं लोक सांगतात."

"मग शोध कसला?"

डब्यातली दोन-चार माणसं हसली. मीही हसलो, पण त्या दिवसापासून मी 'शोध लावला' असं म्हणत नाही. 'साहेबाला वाट सापडली' असं म्हणतो.

दुसरी चूक माझ्या वडिलांची होती आणि मी ती पन्नास वर्षं जपली होती. बाबा नेहमी सांगायचे, "ही गाडी ब्रिटिशांनी बांधली, म्हणून टिकली." प्रत्यक्षात ती बांधली मुंबईच्या सर आदमजी पीरभॉय या बोहरी व्यापारी घराण्याने, स्वतःच्या पैशाने. खर्च त्या काळचे सुमारे सोळा लाख रुपये. त्यांच्या मुलाने, अब्दुल हुसेन यांनी, १९०४ मध्ये काम हाती घेतलं आणि मार्च १९०७ मध्ये गाडी सुरू झाली. रुळांमधलं अंतर जेमतेम दोन फूट आणि लांबी एकवीस किलोमीटरच्या आसपास. नेरळला आलेल्या आदमजींना वर जायला वाहन मिळालं नाही, म्हणून त्यांनी रेल्वेच बांधायची ठरवली, अशी एक गोष्ट सांगतात. खरी-खोटी देव जाणे. पण त्या काळी वर जायला घोडा, डोली नाहीतर पालखी, नाहीतर आपले पाय, एवढंच होतं हे खरं.

जुम्मापट्टी गेलं, तो एकुलता एक बोगदा आला. मुलांना त्याचं नाव मी सांगितलं नाही, ज्यांना माहीत आहे ते समजून घेतील. ही गाडी टिकली असं म्हणणंही तसं सोपं नाही. २६ जुलै २००५ च्या पावसात मार्ग वाहून गेला. मे २०१६ मध्ये डबे घसरले म्हणून गाडी बंद झाली. २०१९ च्या पावसाळ्यात पुन्हा रूळ गेले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ती पुन्हा धावू लागली. दर वेळी कुणीतरी डोंगरात उभं राहून ती दुरुस्त केली, म्हणून ती आहे.

वर पोचलो तर आई आमच्या आधी येऊन बाजारात बाकावर बसलेली! दस्तुरीला काय झालं ते मुलीने सांगितलं. तिथून पुढे गाड्यांना बंदीच आहे. हातरिक्षावाले विचारायला आले, पण आई म्हणाली, "मी नाही बसणार. चालत जाईन, नाहीतर इथेच बसते." गुडघे तर चालू देत नाहीत. शेवटी रांगेत थांबून ई-रिक्षा मिळाली.

आई का बसली नाही, ते मला माहीत होतं. १९७६ ला आजीला आम्ही माथेरानला नेलं होतं. तिच्यासाठी हातरिक्षा केली. पुढे एक माणूस ओढणारा, मागे दोघे ढकलणारे, पायाखाली लाल माती आणि चढ. निम्म्या वाटेत बाबा मागे जाऊन ढकलू लागले. ओढणारा गडी बाबांच्याच वयाचा होता. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही नका, लोक हसतील." आजी खाली उतरली ती उतरलीच. पैसे पूर्ण दिले आणि राहिलेलं अंतर काठी टेकत चालली. त्या रात्री ती जेवली नाही.

आईने ई-रिक्षावाल्याला विचारलं होतं, "तू आधी काय करायचास?" तो म्हणाला, "हीच रिक्षा, पण हाताने. बापही ओढायचा." माथेरान २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, म्हणून मोटारींना बंदी, आणि म्हणून माणसाने माणूस ओढणं चालू राहिलं. ते थांबवा, ही मागणी रिक्षा ओढणाऱ्यांनीच कोर्टात नेली. डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या. घोडेवाल्यांना आपल्या पोटाची काळजी वाटते, तीही खोटी नाही. हा लेख लिहीत असताना, ऑगस्ट २०२५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असा आदेश दिला. आईला पेपर वाचून दाखवला. ती म्हणाली, "सासूबाई असायला हव्या होत्या."

संध्याकाळी शार्लोट तलावाकाठी बसलो. मुलांना गोष्ट हवी होती. या वेळी व्याख्यान आईने दिलं. तिचं माहेर कर्जतजवळचं. भाई कोतवाल यांची गोष्ट तिने लहानपणापासून ऐकलेली. याच माथेरानात १९१२ मध्ये, नाभिक कुटुंबात त्यांचा जन्म. शिकून वकील झाले, इथल्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले, गावोगाव शाळा काढल्या, धान्याच्या पेढ्या चालवल्या. १९४२ च्या लढ्यात आझाद दस्ता उभारून विजेच्या तारांचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडच्या रानात हिराजी पाटील यांच्यासह ते हुतात्मा झाले, तेव्हा वय जेमतेम तीस. बाबांच्या सगळ्या सहलींत आम्ही हे कधी ऐकलं नव्हतं, कारण आईला कुणी विचारलंच नव्हतं. ती स्टोव्हजवळ असायची.

आता शेवटचं, आणि हे आपल्या सोसायटीचं. आई आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावर राहते. आपल्या विंगला लिफ्ट नाही. पंचवीस वर्षांपूर्वी आपण सगळे पस्तिशी-चाळिशीतले, दोन-दोन पायऱ्या एका वेळी चढायचो, तेव्हा लिफ्टचा विचार कुणाच्या मनातही आला नाही. त्या सकाळी आईला खाली आणलं ते आपल्याच चार मुलांनी, खुर्चीत बसवून. परत आल्यावर वरही त्यांनीच नेलं. मी आईला गमतीने म्हटलं, "हातरिक्षेत बसली नाहीस, मग यांच्या खांद्यावर बरी बसलीस?" ती म्हणाली, "अरे, ही आपली मुलं. पैसे टाकून बसायची लाज वाटते, प्रेमाने उचललं तर नाही वाटत. पण रोज रोज कोणाला उचलायला लावणार? म्हणून मी खालीच येत नाही."

हे ती आजवर मला म्हणाली नव्हती. मला वाटायचं तिला खाली यायला आवडत नाही.

येत्या सर्वसाधारण सभेत लिफ्टचा विषय पुन्हा येणार आहे. खर्च आहे, तळमजल्यावरच्या मंडळींचे प्रश्न आहेत, ते रास्तही आहेत. त्यावर बोलू, वाद घालू, पण या वेळी विषय पुढच्या वर्षावर ढकलू नये एवढीच विनंती. नातीने परत येताना विचारलंय, "पणजी, पुढच्या नाताळातही येशील ना?" आई म्हणाली, "खाली उतरता आलं तर येईन की."