वर्ग, रांगा आणि मध्यमाहरण

दहावीच्या बीजगणितातलं दुसरं प्रकरण वर्गसमीकरणांचं. शहाडच्या संध्याकाळच्या शिकवणीत ते सुरू झालं की एखादं मूल विचारतंच : वर्ग तर आपण बसतो तो, मग क्षला क्षने गुणलं की त्यालाही वर्गच का म्हणायचं? प्रश्न रास्त आहे.

वर्ग आला 'वृज्' धातूपासून. वेगळा काढलेला, एका जातीचा गट तो वर्ग. शाळेतला, व्यापाऱ्यांचा, क-ख-ग-घ-ङचा. गणितातला अर्थ वेदी आखणाऱ्यांकडून आला. कात्यायनाचं शुल्बसूत्र सांगतं की बाजूची दोरी जितक्या मापांची, तितक्या रांगा चौरसात बसतात. त्या रांगांना तिथे वर्ग म्हटलंय. पाच मापांची बाजू, पाच-पाच घरांच्या पाच रांगा, घरं पंचवीस. रांगेचं नाव पुढे चौरसाला लागलं आणि चौरसाचं गुणाकाराला. आर्यभटाकडे (इ.स. ४९९) दोन्ही अर्थ शेजारी नांदतात.

पण नुसता वर्ग दिसला म्हणून समीकरण वर्गाचं होत नाही. (क्ष + २) चा वर्ग = क्षवर्ग + ३क्ष + १. कंस सोडवला की दोन्हीकडचे क्षवर्ग उडतात, उरतं क्ष = −३. उलट क्ष + १/क्ष = −२ मध्ये वर्ग कुठेच नाही; क्षने गुणा, क्षवर्ग + २क्ष + १ = ० समोर येतं. आधी सोपं रूप द्यायचं, मग कोटी पाहायची.

ब्रह्मगुप्तापासून भास्कराचार्यांपर्यंत ही समीकरणं सोडवण्याला एक देखणा शब्द होता : मध्यमाहरण. मधलं पद, म्हणजे नुसत्या क्षचं, नाहीसं करणं. तो पाठ्यपुस्तकात असायला हवा होता, कारण रीतच त्यात सांगितली आहे. भास्कराचार्य श्रीधराचार्यांची युक्ती देतात : वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणा, क्षच्या सहगुणकाचा वर्ग मिळवा. क्षवर्ग + ५क्ष = ६ घ्या. चारने गुणून २५ मिळवले की डावीकडे (२क्ष + ५) चा वर्ग, उजवीकडे ४९. मधलं पद वर्गाच्या पोटात गेलं, अपूर्णांकही टळला. क्ष १ किंवा −६.

शहाडहून कसाऱ्याकडे जाणारी रेल्वेवाट पुढे चाळीसगावला पोचते. तिथून जवळच्या पाटण्याला १२०७ च्या सुमाराचा शिलालेख आहे : भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. लेख बहुतांशी संस्कृतात. मठाला कोणत्या मालावरचा कर मिळायचा, तो तपशील मात्र मराठीत कोरलाय. बाजारातल्या माणसांना तो वाचता यायला हवा होता.