औषधप्रतिरोधी क्षयरोग : संपर्कातील बालके

आयसोनियाझिड व रिफॅम्पिसिन या दोन्ही प्रमुख औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगाच्या रुग्णासोबत राहणाऱ्या मुलांचा हा प्रश्न आहे. पाच वर्षांखालील मुलांत संसर्गाचे रूपांतर रोगात लवकर होते. त्यांना बेडका काढता येत नाही, म्हणून निदानासाठी अनेकदा सकाळी उपाशीपोटी जठरातील द्राव घ्यावा लागतो. त्यामुळे रोग दिसेपर्यंत थांबण्यापेक्षा प्रतिबंध हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. दक्षिण आफ्रिकेत मुलांवर आणि व्हिएतनाममध्ये मुख्यतः प्रौढांवर झालेल्या चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात लेव्होफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाने रोगाचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये ते रोज, सहा महिने देण्याची शिफारस केली; भारताच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांतही हा पर्याय होता.

या औषधाने सांधे बिघडतील, हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. मात्र मुलांवरील चाचणीत गंभीर दुष्परिणाम वाढले नाहीत. औषधप्रतिरोध वाढेल ही भीतीही रास्त आहे; म्हणूनच लक्षणे व छातीचा एक्स-रे पाहून सक्रिय रोग नाही याची खात्री आधी करतात, आणि रुग्णाचे जंतू या औषधाला दाद देतात का, हेही तपासतात. खरी अडचण सातत्याची आहे. धाराशिव जिल्ह्यातील येडशी परिसरासारख्या भागात ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाचा हंगाम आणि औषधाची मुदत जवळपास सारखीच असते. म्हणजे औषधाचा काळ गावाबाहेरच जाऊ शकतो. तेव्हा गोळ्यांचा साठा व नोंद मुलासोबत साखर कारखान्याच्या तळावर पोहोचली पाहिजे आणि वजन वाढेल तशी मात्राही बदलली पाहिजे.