माणशी अर्धा एकर

गेल्या मे महिन्यात हाटकेशमधल्या आमच्या सोसायटीची मीटिंग पाण्यावरून पेटली. नळाला पाणी पुरत नव्हतं, टँकर मागवावे लागत होते आणि टँकरचं बिल कसं वाटायचं हे ठरत नव्हतं. मोठ्या फ्लॅटवाले म्हणाले, घरटी सारखं. छोट्या फ्लॅटवाले म्हणाले, चौरस फुटावर. मागे बसलेल्या एक काकू म्हणाल्या, "पाणी भिंती पितात की माणसं? डोकी मोजा." सगळे हसले. मला मात्र आजी आठवली. असा हिशेब तिच्या तालुक्यात खरोखर लागला होता, तोही शेतीच्या पाण्याला.

आजी पुरंदर तालुक्यातली. सासवड-जेजुरीचा हा भाग पर्जन्यछायेत येतो. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस इथवर येता येता संपलेला असतो. बाजरी, ज्वारी, मटकी, सगळं कोरडवाहू. 1972च्या दुष्काळात आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि अमेरिकेतून आलेल्या मिलोच्या लाल भाकऱ्या खायची.

त्याच दुष्काळात पुण्याचे इंजिनिअर-उद्योजक विलासराव साळुंखे पुरंदरमध्ये आले. हजारो हात दगड फोडताना त्यांनी पाहिले. याच हातांनी माती आणि पाणी अडवावं, असं त्यांचं म्हणणं होतं. ते करून दाखवण्यासाठी त्यांनी नायगावला देवस्थानची 40 एकर माळरान जमीन 50 वर्षांच्या भाडेपट्ट्यानं घेतली आणि पत्नी कल्पनाताईंसह तिथे काम सुरू केलं. उतारावर बांध घातले, खाली पाझर तलाव केला, तलावाखाली विहीर खणली आणि तिचं पाणी उपसून पुन्हा उतारावरच्या शेताला दिलं. 1974मध्ये ग्राम गौरव प्रतिष्ठान स्थापन झालं. त्यातून उभी राहिली 'पाणी पंचायत'.

बांध आणि तलाव इतरांनीही बांधले होते. नवं होतं ते वाटप. पाणी जमिनीच्या एकरावर नाही, घरातल्या माणसांवर. माणशी अर्ध्या एकराचं पाणी आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. म्हणजे पाच माणसांच्या घराकडे तीन एकर असोत की वीस, पाणी अडीच एकरालाच. भूमिहीनालाही हक्क होता. तो दुसऱ्याच्या रानात वाट्यानं पीक घेऊ शकत होता. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जायचा नाही. योजना गटानं करायची, खर्चाचा 20 टक्के वाटा शेतकऱ्यांनी आधी भरायचा आणि पाणी सोडायला गटाचा पाटकरी नेमायचा.

आणि ऊस लावायचा नाही. ही अट सगळ्यात कडू होती, कारण पैसा उसात दिसायचा. पण कोरडवाहू पिकाचं गणित वेगळं असतं. ज्वारी-बाजरीला वर्षभर पाणी लागत नाही. कणसात दाणा भरताना पाऊस दडी मारतो तेव्हा एक-दोन पाळ्या मिळाल्या तरी पीक हाती लागतं. उसाला जवळजवळ बारा महिने पाणी द्यावं लागतं. एकाचा ऊस जगवायचा तर अनेकांची ज्वारी वाळते.

माहूरसारख्या आसपासच्या गावांतही पाणी पंचायतीच्या योजना झाल्या. पुढे काही चालल्या, काही बंद पडल्या. साळुंखे 2002मध्ये गेले. 2005मध्ये राज्यात पाणीवापर संस्थांचा कायदा आला. कालव्याचं पाणी मोजून संस्थेच्या हाती देण्याची सोय त्यानं केली, पण सभासद व्हायला लाभक्षेत्रात जमीन लागतेच. डोकी मोजायचा हिशेब कायद्यात आला नाही.

हे सगळं मी हाटकेशमध्ये बसून लिहितोय, म्हणून आमच्या नळाबद्दलही बोलायला हवं. मीरा-भाईंदरसाठी पालघर जिल्ह्यातल्या सूर्या प्रकल्पाचं पाणी आणायची योजना आहे. 403 दशलक्ष लिटरच्या या योजनेत रोजचे 218 दशलक्ष लिटर आमच्या शहराचे, बाकीचे वसई-विरारचे. आमच्याकडे 'सूर्या' म्हटलं की टँकरपासून सुटका, एवढंच डोक्यात येतं. पण धामणीचं धरण बांधलं गेलं ते डहाणू, विक्रमगड, पालघरच्या शेतीसाठी. तिथले शेतकरी बहुतेक आदिवासी, तुकडे लहान, भात पावसावरचा. आपल्या सिंचनाचं पाणी शहराकडे वळवू नका म्हणून त्यांनी आंदोलनं केली आहेत. तहान आम्हालाही आहे, ती खोटी नाही. पण पाणी वाटून घेताना सगळ्यांना एका पंगतीत बसवावं लागतं, हे पुरंदरच्या माळावर ठरलं होतं. इथे मात्र पाइपच्या एका टोकाला आम्ही आणि दुसऱ्या टोकाला ते. आमची कधी गाठही पडलेली नाही.

मीटिंगमध्ये शेवटी बिल घरटीच वाटलं गेलं. बाहेर पडताना काकू म्हणाल्या, "डोकी मोजायची म्हणजे दारोदार फिरायला लागतं. कोण फिरणार?"

पुढच्या मीटिंगच्या विषयपत्रिकेत मी तो विषय घालायला सांगितलाय. यादी करायला मी फिरणार आहे.