देशी वनस्पतींची बाग

एखाद्या प्रदेशाच्या माती-पावसात पूर्वापार आपोआप वाढत आलेली झाडे, झुडपे नि वेली घेऊन आखलेली बाग. ‘देशी’ म्हणजे नुसते भारतीय, असा अर्थ इथे पुरत नाही. देवदार भारतीयच, पण पुण्याच्या मुरमाड जमिनीला तो परका. कोकणातल्या दमट हवेत रमणाऱ्या सुरंगीने मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात तग धरणे कठीण. म्हणून झाड निवडण्याआधी जागेची माती, ऊन आणि पाऊस पाहावा लागतो.

ओळखीची नावे इथे फसवतात. गुलमोहर मादागास्करचा, देवळापुढचा पांढरा चाफा आणि दसऱ्याचा झेंडू मूळचे अमेरिका खंडातले. ही झाडे निरुपद्रवी तरी आहेत. शोभेसाठी आणलेली घाणेरी मात्र कुंपण ओलांडून रानात शिरली आणि तिथल्या झुडपांच्या जागेवर पसरली. रोपवाटिकेत ‘अशोक’ मागितला, तर अनेकदा उंच, सरळसोट खोटा अशोक हाती पडतो. केशरी-लाल गुच्छांचा सीतेचा अशोक नाव घेऊनच मागावा.

आखणीचा नमुना सह्याद्रीतल्या देवराईत मिळतो: एकाखाली एक थर. लहान आवारात वर महाराष्ट्राचे राज्यपुष्प ताम्हण किंवा बहावा, त्याखाली कुडा व पारिजातक, आणखी खाली अडुळसा, निर्गुडी, आणि कडेने करवंदाचे काटेरी कुंपण. पावसाळ्यात कळलावी वर चढते. तिचा कंद विषारी असल्याने लहान मुलांच्या वाटेवर ती लावू नये. गळलेला पाला जाळू नये, तो झाडाखालीच कुजू द्यावा.

पळस, पांगारा आणि काटेसावर पाने गाळून फुलतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये उघड्या फांद्यांवर लाल फुले आली, की मैना, कावळे, शिंजीर यांची तिथे झुंबड उडते. हे उघडेपण आखणीतच धरावे. शेजारी सदाहरित बकुळ असली, की सावली टिकते.

फुलपाखरांसाठी मधाची फुले पुरत नाहीत. त्यांच्या अळ्या ठरावीक झाडांचीच पाने खातात: प्लेन टायगरची अळी रुईची, तर 2015 मध्ये राज्य फुलपाखरू ठरलेल्या नीलवंताची अळी माकडलिंबासारख्या लिंबूकुळातल्या झाडांची. अशा बागेत कुरतडलेले पान पाहून आनंद व्हावा. कीटकनाशक फवारले, तर पाहुणेच मरतात.

लागवड पहिल्या चांगल्या पावसानंतर करावी. पहिले दोन-तीन उन्हाळे रोपांना पाणी द्यावेच लागते. ‘देशी झाडाला काही लागत नाही’ या समजुतीने पुष्कळ रोपे दगावतात. रोपे जंगलातून उपटून आणू नयेत, ती रोपवाटिकेतून घ्यावीत किंवा बियांपासून वाढवावीत.