लॅम्पार्डचा न दिलेला गोल

तर मंडळी, 27 जून 2010, ब्लूमफाँटेन. वर्ल्ड कप. जर्मनी 2, इंग्लंड 1. लॅम्पार्डचा शॉट बारला लागून गोललाइनच्या चांगलाच आत पडला, आणि रेफरीनं गोल दिलाच नाही! 2-2 व्हायला हवं होतं राव.

पुढे 2014 च्या वर्ल्ड कपला गोललाइन टेक्नॉलॉजी आली, 2018 ला व्हीएआर. बरंच झालं.

पण परवा ती मॅच पुन्हा पूर्ण पाहिली. पहिलाच गोल बघा. नॉयरची लांबलचक गोलकिक, एक टप्पा, अपसनला रेटून क्लोजेनं चेंडू आत ढकलला. तिसरा तर लॅम्पार्डचीच फ्री किक भिंतीला अडल्यावर, काउंटर अटॅकवर. मागे माणसंच नाहीत! शेवटी 4-1. यातलं काय व्हीएआरनं वाचवलं असतं? आणि मी इतकी वर्षं शिव्या फक्त रेफरीला घालत होतो.