एका स्नेह्यास लिहिलेले पत्र

१८८७ साली मुंबईत एक इंग्रजी पुस्तिका छापली गेली. तिच्या नावाचा आशय असा : आपल्या प्रभूच्या ईश्वरत्वाची प्रमाणे, एका स्नेह्यास लिहिलेल्या पत्रात मांडलेली. लेखक फादर नेहेम्या नीळकंठ गोरे. स्नेही कोण, ते शीर्षकात नाही. पण त्या काळातली इतर कागदपत्रे शेजारी ठेवली की नाव उघड होते : पंडिता रमाबाई. दोघेही चित्पावन, दोघेही शास्त्र शिकलेले आणि दोघांनीही बाप्तिस्मा घेतलेला. वाद होता तो त्रैक्याचा आणि येशूच्या ईश्वरत्वाचा, म्हणजे ज्यावर सगळी जुनी ख्रिस्ती श्रद्धा उभी आहे त्याचाच.

हे पत्र समजायचे तर गोऱ्यांच्या पहिल्या ग्रंथापर्यंत मागे जावे लागते. तो ख्रिस्ती धर्माच्या विरोधात आहे. जॉन म्यूर यांनी १८३९ मध्ये 'मतपरीक्षा' हा संस्कृत ग्रंथ काढून हिंदू मतावर टीका केली. त्याला ज्या पंडितांनी संस्कृतातूनच उत्तरे दिली, त्यांत काशीचे तरुण नीळकंठशास्त्री होते. त्यांचा 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' १८४४-४५ चा. तेव्हा त्यांचे वय वीसच्या आसपास. हा ग्रंथ १९५१ मध्ये उज्जैनहून संपादित होऊन छापला गेला, म्हणून आज तो हाताशी आहे. त्यातली भूमिका अशी, की माणसाची बुद्धी एकटी सत्यापर्यंत पोहोचत नाही. आधी शास्त्रावर श्रद्धा, मग तर्क. शिवाय काही टोकदार आक्षेपही आहेत. पूर्वकर्म मानले नाही तर जन्मतःच कोणी सुखी, कोणी दुःखी का? अनंत नरकाची शिक्षा देणारा देव न्यायी कसा?

१४ मार्च १८४८ रोजी जौनपूरला याच शास्त्रीबुवांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे 'षड्दर्शनदर्पण' लिहून त्यांनी सहाही दर्शनांचे खंडन केले. १८६२ मध्ये फिट्झएडवर्ड हॉल यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद काढला. एवढे पाहून कुणी म्हणेल, माणूस पार उलटला. मला कागद वेगळे सांगताना दिसतात. ग्रंथ बदलला, पण बुद्धीबद्दलचा निर्णय तोच राहिला. ईश्वराने स्वतः प्रकट केल्याशिवाय तो कळत नाही, असे काशीत वेद-पुराणांच्या बाजूने म्हणणारा माणूस पुढे बायबलच्या बाजूने तेच म्हणतो आहे.

याचा पुरावा त्यांच्या ब्राह्मोंशी झालेल्या वादात आहे. ब्राह्मोसमाज आणि मुंबई-पुण्याचा प्रार्थनासमाज यांचे म्हणणे असे होते, की एकच दयाळू, पित्यासारखा देव माणसाला अंतःप्रेरणेनेच कळतो. त्यासाठी पुस्तक नको, अवतार नको. त्या वेळच्या सुशिक्षिताला हा धर्म आधुनिक वाटे, आणि त्यापुढे चर्चचे मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची ठरीव सूत्रे, जुनाट. गोऱ्यांनी आधी ब्राह्मोंना उद्देशून एक पत्र छापले, मग मुंबई-पुण्यात व्याख्याने दिली. त्यांचा मुद्दा साधा आणि अडचणीत टाकणारा होता. ही अंतःप्रेरणा सर्वांनाच असेल तर आपल्या देशातल्या एवढ्या थोर दर्शनकारांना ती का झाली नाही? शून्यातून सृष्टी करणारा, पापाचा तिरस्कार करणारा, पश्चात्ताप झालेल्याला जवळ घेणारा देव तुम्ही मानता, तो तुम्हाला ख्रिस्ती शिकवणुकीतून मिळाला आहे. ती शिकवणूक घेता आणि जिथून आली ते मात्र नाकारता.

हा युक्तिवाद पुस्तकात पडून राहिला नाही. रमाबाई १८८२ मध्ये पुण्यात आल्या, १८८३ मध्ये वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींकडे इंग्लंडला गेल्या, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी मुलगी मनोरमा हिच्यासह त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपल्याला या धर्माकडे कुणी वळवले, तर ते फादर गोऱ्यांनी, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. हिंदुस्थानातून आलेल्या गोऱ्यांच्या पत्राने त्यांना पटले, की ज्याला आपण वेदांतली श्रद्धा समजत होतो, ती ब्राह्मो नाव घेतलेली ख्रिस्ती श्रद्धाच होती.

इथे वाद संपायला हवा होता. प्रत्यक्षात तो इथे सुरू झाला.

रमाबाईंची १८८५ ची पत्रे वाचावीत ती सावकाश. वाँटेजच्या भगिनींपैकी सिस्टर जेराल्डाइन यांनी ती जपून ठेवली, संकलित केली. १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ती महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली. संकलन एका पक्षाचे आहे, जेराल्डाइनबाईंचे शेरे त्यात जागोजाग आहेत, हे विसरता कामा नये. तरी रमाबाईंचा आवाज त्यातून स्पष्ट ऐकू येतो. जेराल्डाइनबाईंना त्या 'आजीबाई' म्हणतात. नाते इतके घरचे, आणि त्याच आजीबाईंना त्या बजावतात, की ब्राह्मण पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने झुगारले आहे, आता तसलेच दुसरे मानेवर घेणार नाही. अथनेशियसचा मतांगीकार बायबलमध्ये कुठे आहे, असा त्यांचा रोखठोक सवाल. गळ्यातल्या क्रुसावरची अक्षरे लॅटिन कशासाठी, संस्कृत का नकोत, हाही. हा प्रश्न मला लहान वाटत नाही. श्रद्धा कुणाच्या भाषेत स्वीकारायची, हे त्या विचारत होत्या.

जेराल्डाइनबाईंचे उत्तर बहुतेक वेळा एकच : चर्चचे ऐका, गर्व सोडा. त्यांची कळकळ खरी आहे, पण या उत्तराने रमाबाई आणखी दूर गेल्या, हे पुढची पत्रे सांगतात. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील यांनी ते ओळखले. रमाबाई तिथे शिकत आणि संस्कृत शिकवत. बीलबाईंचे मत होते, की नुसता ऐतिहासिक दाखला या विद्यार्थिनीला पुरणार नाही, तिच्या विवेकाला पटले पाहिजे, म्हणून तिने ख्रिस्ती धर्म तत्त्वज्ञान म्हणून अभ्यासावा.

गोऱ्यांची पुस्तिका या दोन उत्तरांच्या शेजारी ठेवून पाहावी. ते चर्चच्या मताला तसूभर मुरड घालत नाहीत. त्या बाबतीत ते जेराल्डाइनबाईंहूनही कडवे. पण रमाबाईंनी आधार मागितला होता आणि ते आधार द्यायला बसतात. आक्षेप घेणे पाप आहे असे त्यांना वाटण्याचे कारण नव्हते. काशीत त्यांनी स्वतःच ते घेतले होते, आणि शंकांनी त्यांचा पिच्छा पुढेही सोडला नाही, हे गार्डनर यांनी १९०० मध्ये लिहिलेल्या त्यांच्या चरित्रात दिसते. काउली फादर्स या ख्रिस्ती व्रतस्थांच्या संघात ते राहिले, पण आजन्म व्रत घेण्याचे धाडस त्यांना झाले नाही. २९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, तोवर ते उमेदवारच होते.

रमाबाईंवर पुस्तिकेचा परिणाम किती झाला, ते मोजताना त्यांचीच १९०७ ची साक्ष प्रमाण मानावी. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला उमगले, की ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्या सांगतात. म्हणजे १८९१ च्या सुमाराची गोष्ट. गोऱ्यांच्या प्रमाणांनी त्यांना दारापर्यंत आणले होते. आतला प्रवेश त्या दुसऱ्याच अनुभवाला जोडतात.

बायबलमध्ये कुठे आहे, हा प्रश्न मात्र त्यांनी सोडला नाही. आपल्या केडगावच्या मुक्तिसदनात बसून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांतून सगळे बायबल मराठीत उतरवू लागल्या. क्रुसावर संस्कृत मागणाऱ्या रमाबाईंनी इथे मुद्दाम साधी, बायाबापड्यांना कळेल अशी मराठी घेतली. सदनातल्या मुलींनी खिळे जुळवले, तिथल्याच छापखान्यात फर्मे निघाले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, त्याच्या थोडेच आधी शेवटची मुद्रिते तपासून झाली होती.